बाकीचे मागून येतायत

"सायकल चालवायला लागतं काय, दोन चाकं आणि एक माणूस," हे वाक्य मी मिसेस हॅदरलींसमोर बोललो नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मिसेस हॅदरली आमच्या एल्मस्टोकच्या नगर परिषदेत असतात. त्यांचं नेमकं पद काय, हे मला अजून समजलेलं नाही. पण गावात काहीही करायचं म्हटलं की वाट त्यांच्या टेबलावरून जाते. माझं काम अगदी किरकोळ होतं. वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद लावायचा होता आणि त्यावर परिषदेचा शिक्का हवा होता. कागदावर एवढंच लिहिलं होतं : 'निवांत सायकल-सहल. एल्मस्टोक ते विचबरी, कालव्याच्या काठानं. सगळ्यांचं स्वागत. लायनेल पिंकनी.'

मिसेस हॅदरलींनी तो कागद औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसा वाचला.

"हे 'ते' काढा," त्या म्हणाल्या.

"कुठलं?"

"एल्मस्टोक 'ते' विचबरी. 'ते' लिहिलंत की लोकांना विचबरीला पोचवण्याची जबाबदारी आली. 'दरम्यान' लिहा. दरम्यान म्हणजे कुठंही."

मी 'दरम्यान' लिहिलं. या एका शब्दानं पुढं काय घोळ घातला, ते सांगतोच.

"वाटेत धोके कोणते?"

"काही नाहीत. कालव्याकाठची सपाट वाट आहे. पूर्वी होड्या ओढणारे घोडे चालायचे तिच्यावरून."

"कालव्यात पाणी आहे?"

"आहे."

"मग लिहा, पाणी. हंस आहेत? अंगावर येतात ते. लिहा, हंस. आणि पुढारी कोण?"

तेव्हा मी ते दोन चाकं आणि एक माणूस हे वाक्य बोललो. त्यांनी चष्मा काढला. तो चष्मा मीच त्यांना करून दिला होता, पण त्याचा फायदा कधी मला मिळाला नाही. पुढारी असल्याशिवाय सहल निघत नाही. पुढाऱ्याला पिवळं चकचकीत जाकीट लागतं, त्याच्यावर 'पुढारी' असं लिहिलेलं लागतं, आणि प्रथमोपचाराचं शिक्षण लागतं. हे शिक्षण एका शनिवारी चर्चच्या सभागृहात झालं. रबराच्या एका बाहुलीच्या तोंडात तोंड घालून मी फुंकर मारली आणि शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान, पण तिला असं आवळून धरायची गरज नाही." चष्म्याचं दुकान विकल्यापासून मी कुणाच्या इतका जवळ गेलोच नव्हतो, सवय राहिली नसेल.

आमचा धंदा तसा विचित्रच. डोळे तपासण्याच्या अंधाऱ्या खोलीत अर्ध्या गावाच्या नाकापासून वीतभर अंतरावर मी आयुष्य काढलं, आणि त्यातल्या एकानंही कधी मला चहाला बोलावलं नाही. माझी तक्रार नाही. पण दुकान विकल्यावर दिवस फार लांब झाले. दवाखान्यातली नर्स रक्तदाब मोजता मोजता म्हणाली, "माणसांत मिसळा जरा." जशी काही माणसं औषधाच्या दुकानात मिळतात.

शेजारच्या नॉर्मन कॉबला हे कळलं तेव्हा तो कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला. नॉर्मनचं कोपर कुंपणावर टेकलं की समजावं, सल्ला येतोय.

"'निवांत' काढून टाक. म्हातारे येतील."

"मी म्हाताराच आहे, नॉर्मन."

"तेच सांगतोय. कुणीतरी धडधाकट नको का यायला? तुला बाहेर ओढून काढायला?"

"कशातून?"

"पाण्यातून. तुझ्याच कागदावर लिहिलंय की, पाणी म्हणून."

पलीकडच्या मिसेस ट्रेंचर्डनी दुसरंच काढलं. त्या म्हणाल्या, जेवणाशिवाय या गावात कुणी दारही उघडत नाही, सायकल कुठली काढतंय. म्हणून मी विचबरीच्या अलीकडे कालव्यावर जो मूरहेन नावाचा पब आहे, तिथं फोन केला. डॉट नावाच्या बाई तिथं सगळं बघतात. त्या म्हणाल्या, "किती माणसं, राजा?" आमच्याकडं पबमधल्या बायका गिऱ्हाइकाला राजा म्हणतात. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही आणि त्याला काही अर्थही नसतो. तरी मी फोन जरा वेळ तसाच धरून ठेवला.

आणि काय सांगू, जेवणाचं नाव कागदावर चढल्यावर सह्या पडल्या. एक नाही, दोन नाही, अकरा. मला धरून बारा. डॉटना प्रत्येकाला काय खायचंय ते आधी कळवायचं होतं, म्हणून मी एकेकाला फोन केले. तो आठवडा माझ्या आयुष्यातला सर्वांत गजबजलेला आठवडा असेल. मासा की कोंबडीची पाई, एवढाच प्रश्न, पण लोक त्यावरून गुडघ्यांवर येत, गुडघ्यांवरून जावयावर येत. मला फोन ठेवायची घाई नव्हती. नॉर्मननं मासा सांगितला, मिसेस ट्रेंचर्डनी मासा, पण काटे काढलेला. एकच सही वाचता आली नाही. फोन नंबर नाही, आणि नाव असं गिचमिड की ह होता की प होता, देव जाणे. त्या अनोळखी माणसासाठी मी आपली कोंबडीची पाई लिहिली. मासा न खाणारी माणसं भेटतात, पाई न खाणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

सहलीचा शनिवार उजाडला तो भुरभुर पाऊस घेऊन. म्हणजे पाऊस म्हणावा असा नाही, छत्री उघडली तर लोक हसतील आणि नाही उघडली तर बनियनपर्यंत भिजाल, असा. मी पिवळं जाकीट घालून आमच्या गावच्या धक्क्यावर, होड्या बांधतात तिथं, जाऊन उभा राहिलो. पाठीवर पुढारी, हातात नावांचा कागद, सायकलच्या पिशवीत मलमपट्ट्या. बदकं जमली. बदकांखेरीज कुणी जमलं नाही.

मग फोन यायला लागले. एकाची पाठ धरली होती. एकाकडं नळदुरुस्तीवाला येणार होता, आणि आमच्याकडं नळदुरुस्तीवाला येणार म्हटलं की लग्नसुद्धा पुढं ढकलतात. मिसेस ट्रेंचर्डच्या मांजरानं काहीतरी खाल्लं होतं. नॉर्मननं फोन केला नाही, पण मी निघताना त्याच्या खिडकीचा पडदा हलला होता, हे मी पाहिलं होतं. बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही. ते मला जास्त सभ्य वाटलं.

घरी परत जावं, हा विचार आला. पण घरी जायचं म्हणजे नॉर्मनच्या खिडकीवरून जायचं, आणि तिकडं मूरहेनमध्ये बारा माणसांचं जेवण चुलीवर चढलेलं.  मग मिसेस हॅदरलींनी शिकवल्याप्रमाणं उजवा हात बाजूला काढून मागच्यांना इशारा दिला, आणि वळलो. मागं कुणी नव्हतं, पण नियम हा नियम.

पहिल्याच पुलाखाली एक माणूस होडीच्या टपावरची कुंडी पुसत होता. माझ्या जाकिटाकडं बघून म्हणाला, "पुढारी का? मग फौज कुठंय?"

"बाकीचे मागून येतायत," मी म्हणालो.

हे उत्तर मी ठरवून दिलं नाही. ते तोंडातून निघालं. आणि निघाल्यावर फार बरं वाटलं. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना मी तेच सांगितलं, त्या म्हणाल्या, "अय्या, किती छान, मोठा ग्रुप दिसतोय." मी म्हणालो, "बारा जण." पुढच्या मैलभर मी चांगला ताठ बसून सायकल चालवली.

मैल संपला आणि मासेमारीची स्पर्धा लागली.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांना सांगतो. काठावर हारीनं माणसं बसलेली असतात, प्रत्येक जण आपापल्या खोक्यावर, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येकाच्या हातात गळाची काठी, आणि ही काठी एवढी लांब असते की तिचं पुढचं टोक पलीकडच्या काठाशी असतं आणि मासा ओढायचा झाला की मागचं टोक वाट ओलांडून काटेरी कुंपणात घुसतं. सायकलवाला आला की प्रत्येकानं काठी उचलायची. ती ते उचलतात, पण अशा नजरेनं की आपण जन्माला का आलो असं वाटावं.

त्यांचा पंच रबरी बूट घालून वाटेत उभा होता. नाव गर्नी. त्यानं हात आडवा केला.

"एकटेच?"

मी जाकीट घातलेलं होतं. जाकिटावर पुढारी लिहिलेलं होतं. "बाकीचे मागून येतायत," मी म्हणालो. "अकरा जण."

गर्नीनं डोळे मिटले, उघडले. मग तो काठावर वळून ओरडला, "काठ्या आत घ्या. अकरा सायकली येतायत. शेवटची जाईपर्यंत कुणी गळ टाकायचा नाही." सबंध काठावर काठ्या मागं सरकल्या. एक माणूस म्हणाला, "अहो, माझ्या गळाला आत्ता लागला होता." त्याच्याकडं न बघता मी त्या सगळ्यांच्या मधून गेलो. कुणी मान वर केली नाही. मी "आभारी आहे, आभारी आहे," म्हणत होतो, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो माझ्या लक्षात आलं की आता हे लोक काठ्या मांडीवर घेऊन वाट बघत बसणार.

परत जाऊन सांगायला हवं होतं. मी वळण येईपर्यंत गेलो, जाकीट काढलं, गुंडाळून पिशवीत मलमपट्ट्यांखाली कोंबलं, आणि वेगानं पुढं निघालो. निवांत हा शब्द तिथंच संपला.

पुढं फिरता पूल लागतो. होडी आली की तो बाजूला फिरवायचा, होडी गेली की परत आणायचा. होडीत एकच माणूस होता, तो लांबूनच म्हणाला, "जरा मदत करता का?" मला दिवसभरात कुणी काही मागितलेलं हे पहिलंच. मी सायकल कुंपणाला टेकवली, पूल ओलांडून पलीकडं गेलो, आणि पूल फिरवला. होडी गेली. माणसानं हात हलवला. आता पूल परत येईना. मी पलीकडं, सायकल अलीकडं, मध्ये पाणी. हे पूल हातानं ढकलले तर हलत नाहीत, त्यांना पाठ लावावी लागते. पाठ मी सभ्य भाषेत म्हणतोय. मी त्या लाकडाला अशी पाठ लावून, पाय चिखलात रोवून, तोंड लाल करून रेटत होतो, तेव्हा समोरच्या वाटेवरून एक बाई सायकलवर आल्या. निळा रेनकोट, डोक्यावर प्लास्टिकची टोपी. विचबरीकडून आमच्या गावाकडं चालल्या होत्या.

"सुप्रभात," त्या म्हणाल्या. "उघडेल असं वाटतंय."

"पूल?"

"आभाळ."

"हां. म्हणतायत खरं," मी म्हणालो. त्या अवस्थेत आणखी काय बोलणार? त्या पुढं गेल्या. मी पुन्हा पाठ लावली.

मूरहेनला पोचलो तेव्हा मी ढोपरापर्यंत चिखलात होतो. आत एक लांबलचक टेबल मांडलं होतं. प्रत्येक जागी डॉटनी नावाची चिठ्ठी ठेवली होती, पेल्यात नॅपकिन फुलासारखे खोचले होते. त्या स्वतः ओट्यामागं उभ्या, हात पुसत.

"बाकीचे मागून..." मी सुरुवात केली.

डॉट खिडकीशी जाऊन वाकून बघून आल्या. "राजा," त्या हळू म्हणाल्या, "तुझ्यामागं नुसता कालवा आहे."

मी नावांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"बस. गरम आहे तोवर खा."

बारा माणसांच्या टेबलावर एकट्या माणसानं कुठं बसावं, याचं शिक्षण कुणी देत नाही. टोकाला बसलो तर बाकीच्यांनी वाळीत टाकल्यासारखं दिसतं. मध्ये बसलो तर चर्चमधल्या त्या शेवटच्या जेवणाच्या चित्रासारखं, शिष्य पळून गेल्यानंतरचं. मी माझ्या नावाच्या चिठ्ठीशी बसलो. ओट्याशी बसलेले दोन म्हातारे पेले हातात धरून माझे घास मोजत होते. मासा चांगला होता. तो मी काट्यासकट खाल्ला असणार, कारण काटे लागल्याचं आठवत नाही.

"ती तुला भेटली ना पण?" डॉट प्लेट उचलता उचलता म्हणाल्या.

"कोण?"

"तुमच्यातली एक. सकाळी आली होती बिचारी. विचबरीच्या धक्क्यावर थांबली होती किती वेळ. कागदावर दरम्यान लिहिलंय म्हणाली, म्हणून तिला वाटलं सुरुवात तिकडून. आगगाडीनं सायकल घेऊन गेली होती. मी म्हटलं, ते एल्मस्टोककडून येणार गं, तर म्हणाली, मग मीच जाते समोरून, वाटेत भेटतीलच बारा माणसं, चुकतील कशी. निळा रेनकोट."

मी उठलो. खुर्ची पडली ती डॉटनीच उचलली. कुणीतरी आलं होतं. माझ्या सहलीला एक माणूस आलं होतं, आणि मी त्याला पूल आणि आभाळ यांच्याबद्दल विचारून वाटेला लावलं होतं.

"थांब," डॉट म्हणाल्या, आणि एक कोंबडीची पाई कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तिची आहे ना? बाकीचं मी इथं वाटून टाकते. जा."

परतीची वाट मी कशी कापली, विचारू नका. एका हंसानं मला वाट दिली, यावरून काय ते समजा. वळणावर आलो आणि थांबलो. गळवाले तसेच बसले होते. अर्ध्या लोकांनी काठ्या पुन्हा टाकल्या होत्या, अर्ध्यांच्या मांडीवरच होत्या, आणि त्यावरून भांडण चाललेलं दिसत होतं. गर्नीच्या खोक्यावर, गर्नीच्या छत्रीखाली, हातात गर्नीच्या थर्मासचा चहा घेऊन निळ्या रेनकोटच्या बाई बसल्या होत्या. त्या अकरा जणांची वाट बघत होत्या. मीच गर्नीला सांगितलं होतं ना, मागून येतायत म्हणून.

वाट एकच. दुसरीकडून जायला रस्ता नाही. मी पिशवीतून जाकीट काढलं आणि घातलं. का घातलं ते नीट सांगता येणार नाही. मला वाटलं, निदान ओळख तरी पटेल.

"आले बघा पुढारी," गर्नी म्हणाला. "ओ साहेब, तुमच्या त्या अकरा जणांमुळं आमची स्पर्धा बोंबलली. एकाचा हातभर मासा गेला. कुठायत ते?"

"नाहीत," मी म्हणालो.

"नाहीत म्हणजे?"

"कुणी आलंच नाही. मी एकटाच होतो."

 गर्नीच्या पलीकडच्या माणसानं विचारलं, "काय म्हणतोय?"

"कुणी आलंच नाही म्हणतोय."

त्याच्या पलीकडून, "काय म्हणतोय?"

"एकटाच होता म्हणतोय. कुणी आलं नाही त्याच्याकडं."

हे असं एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर, काठाकाठानं, पार टोकापर्यंत गेलं. मी मधोमध हँडल धरून उभा. आपल्या आयुष्याचा सारांश एवढ्या माणसांच्या तोंडून ओळीनं ऐकण्याचा प्रसंग कुणावर येऊ नये. टोकाला पोचल्यावर तिथून कुणी म्हातारा ओरडला, त्याला नीट ऐकू येत नसावं, "मग त्या बाई कोण?"

बाईंनी चहाचा पेला खोक्यावर ठेवला. "मी आलेय की यांच्याकडं," त्या म्हणाल्या. आवाज मोठा केला नाही त्यांनी. "हेस्टर पर्व्हिस. कागदावर नाव आहे माझं."

"बाई आल्यात म्हणे," गर्नीच्या शेजारचा म्हणाला.

"बाई आल्यात."

"एक आल्यात म्हणतोय."

तेही टोकापर्यंत गेलं. मग काठ्या मागं सरकल्या, सगळ्या, आणि गर्नी वाटेतून बाजूला झाला. "दोन सायकली," तो काठाला म्हणाला. "दोनच. जाऊ द्या."

पुढं गेल्यावर पहिल्या बाकावर आम्ही थांबलो आणि मी पाई पुढं केली. थंड झाली होती आणि हँडलला आपटून तिचा आकारही राहिला नव्हता. हेस्टरबाईंनी ती सगळी खाल्ली. मी विचारलं, "मासा चालला असता का?" त्या म्हणाल्या, "मासा मी खात नाही." त्याचा मला किती आनंद झाला, ते दुसऱ्याला कळायचं नाही.

"सकाळी पूल ढकलत होतात ते तुम्हीच का?" त्यांनी विचारलं.

"दुर्दैवानं."

"मला वाटलं कालवा खात्याचा माणूस असेल. फार मनापासून ढकलत होतात."

मग आम्ही निघालो. कालव्याकाठच्या वाटेवर दोन सायकली शेजारी मावत नाहीत. एकानं पुढं, एकानं मागं जावं लागतं, आणि बोलायचं तर पुढच्यानं मान वळवून ओरडावं लागतं. पुढारी असल्यामुळं पुढं मी होतो. मी बोललो. दुकानाबद्दल बोललो, नॉर्मनच्या कोपरांबद्दल बोललो, रबराच्या बाहुलीबद्दल बोललो. त्यावर मागून जे हसू आलं ते ऐकायला मी पुन्हा सांगितलं. हेस्टरबाईही बोलल्या. त्या एल्मस्टोकला स्टेशनमागच्या गल्लीत बरीच वर्षं राहतात. कालवा घरापासून हाकेच्या अंतरावर, पण एकटीनं कुठं जायचं म्हणून कधी आल्या नव्हत्या. फळ्यावरचा कागद बघितला आणि वाटलं, जाण्याआधी एकदा बघून घ्यावा.

"जाण्याआधी म्हणजे?"

"येत्या गुरुवारी मी बहिणीकडं जाणारेय राहायला. नॉर्फकला. घर दिलं सोडून."

नॉर्फक म्हणजे पार पूर्व किनाऱ्याला. मी पुढं होतो, म्हणून माझं तोंड त्यांना दिसलं नाही. मी म्हणालो, "नॉर्फकही सपाट आहे. सायकलला चांगलं."

"हो, म्हणतायत खरं," त्या म्हणाल्या.

आमच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा आभाळ उघडलं होतं, आता त्याचा उपयोग नव्हता. आम्ही सायकली धरून उभे राहिलो. "चला तर मग," मी म्हणालो. "चला," त्या म्हणाल्या. कुणी हललं नाही. त्यांनी गर्नीच्या चहाचा विषय काढला, फार गोड होता म्हणाल्या. मी मूरहेनच्या नॅपकिनांचं वर्णन केलं. पुन्हा "चला तर मग" झालं. बांधलेल्या एका होडीतल्या माणसानं दिवा लावला आणि पडदा ओढून घेतला.

"गुरुवारी सामान उचलायला मदत लागेल का?" मी विचारलं.

"त्याला माणसं येणार आहेत."

"बरं."

"पण तुम्ही या," हेस्टरबाई म्हणाल्या. "ते सामान नेतील तोवर बोलायला कुणीतरी हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेलो तर नॉर्मनची कोपरं कुंपणावर तयारच होती.

"काय रे, कशी झाली सहल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. घशातून नुसती हवा आली. घसा पार बसला होता. एवढं ओरडून बोलायची, नुसतं बोलायचीसुद्धा, त्याला सवय कुठं होती?

"पावसात भिजलास ना," नॉर्मन म्हणाला. "मी सांगत होतो. आता चार दिवस बोलू नकोस. तसंही तुला कुणाशी बोलायचंय?"

मी मान हलवली आणि आत आलो. मिठाच्या पाण्याचं आधण ठेवलं, आणि दिवसातून तीनदा गुळण्या करायच्या, असं ठरवलं. गुरुवारपर्यंत आवाज यायला हवा होता.